कड्याला गुंडाळलेली चिंधी

...तर असा हात खिडकीबाहेर लांब काढून आमच्या भोंगा ड्रायव्हरने बस हळू केली, आणि समोरून आलेल्या ट्रकने त्याच्या बाहीचं बटणच उडवून नेलं. काल गोष्ट इथवर आली होती.

कंडक्टर मागून ओरडला, "काका, हात घरी ठेवून येत जा हो! या उजाड माळावर कुणाला टाटा करता?"

सगळी बस हसली. भोंग्याने हात आत घेतला. त्या माळावर पूर्वी स्टेशन होतं आणि भोंगा इंजिन चालवायचा. शिट्टी अशी लांबवायचा की खरं नाव लोक विसरूनच गेले.

छोट्या कंपनीची छोटी गाडी ती. रूळ एकच. समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून टोकन असे, वेताच्या मोठ्या कड्याला अडकवलेल्या कातडी पिशवीत. ते ज्याच्या हाती, त्याचीच पुढची वाट. त्या स्टेशनावर गाडी थांबत नसे, नुसती मंदावे. फलाटावरचा माणूस कडं उंच धरी, आणि ड्रायव्हर चालत्या इंजिनातून त्यात हात घालून ते उचले. दंड काळानिळा होई. आता तो फलाटावरचा माणूस कोण, तर भोंग्याचा सख्खा थोरला भाऊ.

आई अंथरुणाला खिळली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी थोरला कडं घेऊन इंजिनाबरोबर धावतच सुटला. "उतर रे, आईचं काही खरं नाही!"

"गाडीत माणसं आहेत, दादा! पोचवतो आणि येतो!" भोंग्याने कडं उचललं आणि गेला. परतला तेव्हा आई गेलेली होती.

थोरल्याने बोलणं टाकलं. समोरून भोंगा दिसला की रस्ता बदलायचा. कडं मात्र रोज तोच धरी. मग थंडीच्या एका पहाटे भोंग्याच्या दंडाला काहीतरी मऊ लागलं. बघतो तर कड्याला आईच्या जुन्या शालीची चिंधी गुंडाळलेली! चिंधी विरली की दुसरी येई. शब्द मात्र एक नाही. अशी वर्षं गेली.

पुढे रस्ता डांबरी झाला आणि गाडी रिकामी धावू लागली. कंपनीने स्वतःच बस घेतल्या नि रूळ उखडायला काढले. शेवटच्या फेरीला भोंग्याने मनाशी पक्कं केलं होतं, आज गाडी थांबवायची, उतरायचं, दादाला मिठी मारायची. पण इंजिनात साहेब लोक, फलाटावर ही गर्दी. थोरल्याने कडं धरलं, याने उचललं आणि नेहमीसारखा मनात म्हणाला, उद्या बोलू.

उद्या गाडीच नव्हती.

बायको म्हणे, "अहो, जाऊन तर या एकदा. खातात का ते तुम्हाला?" पण हातात कडं नसताना दादासमोर उभं कसं राहायचं, हेच त्याला उमजेना. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता थोरला गेल्याचाच निरोप आला. तोही भरल्या बसमध्ये, स्टिअरिंगवर हात असताना. उतारू उतरवूनच तो घरी गेला. तेव्हापासून तो माळ आला की बस मंदावते आणि हात बाहेर जातो.

बटणाच्या प्रकरणानंतर आगारप्रमुखांनी त्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. खुर्ची पुढे करून म्हणाले, "काका, आज बटण गेलं, उद्या हात जाईल. मागे माणसं बसलेली असतात. तुमचा मार्ग बदलू का?"

याच एका मार्गासाठी भोंगा म्हातारपणी बस चालवायला शिकला होता. तो बराच वेळ बाहीचा सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिला. मग म्हणाला,

"बदला साहेब. गाडीत माणसं असतात, खरं आहे. पण माझ्या जागी ज्याला द्याल, त्याला एवढं सांगा, त्या माळावर जरा हळू घे म्हणावं. कुणी उभं असलं, तर चुकायला नको."