ताईचं स्थळ आन् माझा जबडा

माझा जबडा आयुष्यात एकदाच निखळला, आन् तोसुद्धा ताईला बघायला यवतचे पाहुणे आले होते तवाच.

मी शिरूरला मॅट्रिकला होतो, घर केंदूरला. पोह्यांना उशीर होता, म्हणून वडील, म्हंजी आमचे आप्पा, पाहुण्यांना म्हणाले, "आमचं पोरगं नकला झकास करतं! कर रं, तुझ्या शास्त्राच्या मास्तरांची!"

झालं! मी तास सुरू केला. "खांदा! उखळीचा सांधा, चौफेर फिरतो!" (हात गरागरा फिरवला. एका पाहुण्याची टोपी उडाली.) "गुडघा! बिजागरीचा, दारासारखा एकाच बाजूला! मान! खिळीचा सांधा, मुंडी हलवा बघू!" सगळ्यांनी हलवली. "आन् जबडा! उघडतो बी, पुढं सरकतो बी!" इथं मास्तर मगरीएवढा आ करायचे. मी त्यांच्याहून मोठा केला.

कट्ट!

आ तसाच. मिटंचना!

"आँ... आँ..." मी ओरडलो.

"हुबेहूब!" आप्पांनी मांडीवर थाप मारली.

मी हात जोडले. टाळ्या वाढल्या!

आता नवऱ्या मुलाच्या वडिलांना, आबांना, तोंड उघडं ठेवूनच ऐकायची सवय. त्यांचा भाऊ पुटपुटला, "आबा, हे तर तुमचीच नक्कल करतंय की!"

आबा ताडकन उठले. "चला रं! आप्पा, पोरीच्या आधी पोराला उजवा, म्हंजी वळण तरी लागंल!"

"मिट की तोंड, गाढवा!" आप्पा माझ्यावर खेकसले. "बहिणीचं स्थळ निघालं!"

"आँ!"

तेवढ्यात ताई पोहे घेऊन आली. (मान खाली, विचारलं तेवढंच बोलायचं, असं आईनं आठ दिवस पढवलं होतं.) तिनं माझ्याकडं बघितलं आन् ताट आबांच्याच हातात दिलं. "थांबा! नकलेत लाळ कशी गळंल? जबडा निखळलाय ह्याचा!"

आमचे आजोबा हाडं बसवायचे आन् त्यांच्या हाताखाली कायम ताई. तिनं अंगठ्यांना पदर गुंडाळला, ते माझ्या दाढांवर दाबले, जबडा खाली रेटून मागं ढकलला. खट्ट! बसला!

आबांचं तोंड आणखी उघडलं. "पोरगी पसंत! आन् ह्याचं काय?"

"महिनाभर जबडा बांधून ठेवायचा," ताई म्हणाली. "बोलायचं न्हाई."

"मग लगीन महिन्याच्या आतच उरकू!" आबा म्हणाले.

त्या लग्नाचा फोटो यवतला ताईच्या भिंतीवर हाय. सगळ्यांचे फेटे डोक्याला, माझा तेवढा हनुवटीखालून! भाचरं विचारतात, "आई, मामाला काय झालं होतं गं?"

ताई म्हणते, "काय न्हाई रं. एकदाच गप्प बसला होता, म्हणून फोटो काढून ठेवला."