दोरीवाले चाचा

दोरीवाले चाचा कोणाच्याही गाडीत बसले की आधी चपला काढत. अनवाणी तळवे खाली टेकवून बसत आणि प्रवासभर डोळ्याला डोळा लागू देत नसत. "चाक काय म्हणते ते पायालेच पह्यले समजते," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासोबत नागपूरला जाणं म्हणजे शिक्षाच. मध्येच "थांबव" म्हणत, उतरत आणि टायरवरून हात फिरवत.

बल्लारपुरात रेल्वे फाटकाजवळ त्यांचं चाकं सरळ करायचं, अलाइनमेंटचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर आणि खाली सपाट फरशी. शहरात मशीन आल्या तरी चाचा गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणत आणि दोरीपासून चाकाच्या कडांचं अंतर पट्टीने मोजत. मशीनवाल्यांशी त्यांचं भांडण नव्हतं. "ते बी बरोबरच सांगते. पण ते रिकामी गाडी मोजते," एवढंच म्हणत.

माझ्या धाकट्या भावाने, नितीनने, नोकरी लागताच गाडी घेतली आणि स्प्रिंगा कापून ती पार जमिनीलगत आणली. दिसायची झकास, त्यात वाद नाही. पण खड्डा आला की स्टेअरिंग हिसका मारायचं आणि गाडी आपल्या मनाने बाजूला सरकायची. ऑफिसातल्या दोघांना घेऊन तो रोज त्याच गाडीने गोंडपिपरीला जायचा, आणि समोरून भरलेले ट्रक. संध्याकाळी दारात हॉर्न वाजेपर्यंत माझा जीव टांगणीला. रागावून झालं, अबोला धरून झाला. गाडी उंच कर म्हटलं की आमच्या या साहेबांची इज्जत जायची. शेवटी मीच त्याला चाचांकडे नेलं. ते चांगलं झापतील अशी माझी आशा होती.

चाचांनी वाकून पाहिलं आणि ते हसले. "बसकी तर बसकी, बाई. पोराची हौस आहे. पण सरळ चालली पाह्यजे." मग नितीनकडे वळले. "स्प्रिंगा काऊन कापल्या बे? कापलेली स्प्रिंग नुसती उड्या मारते. गाडी खालवर झाली का चाकाचं तोंड फिरते. कडक, आखूड स्प्रिंगा घेऊन ये. मंग पाह्यतो मी."

नव्या स्प्रिंगा बसल्यावर चाचांनी दोरी ताणली, नितीनला स्टेअरिंगवर बसवलं आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही मागे बसा."

"मी कशाला?"

"वजन पाह्यजे न! गाडी रोज जेवढी मानसं नेते, तेवढी बसवूनच मी मोजतो. त्याच्या ऑफिसातल्या दोघायचं काम तुमच्या एकटीत भागते."

हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी तिथेच हिशेब चुकता केला असता. पण मी मुकाट्याने बसले. चाचा मोजत, चाकामागे हात घालून चाकाचं तोंड वळवणारा टाय रॉड किंचित फिरवत, नितीनला गाडी मागेपुढे घ्यायला लावून पुन्हा मोजत. मग आम्ही मोकळ्या रस्त्यावर गेलो. "हात ढिला सोड," चाचा म्हणाले. गाडी डांबराच्या ठिगळांवरून गेली, पण रेघ सोडली नाही. त्या दिवसापासून मी हॉर्नची वाट पाहणं सोडलं. नितीन मात्र रविवारी दोरी धरायला चाचांकडे जाऊ लागला, आणि हळूहळू मोजायलाही.

पुढे चाचांची नजर गेली. ऑपरेशन होऊनही दोरी दिसेना. दुकान बंद करून मुलचेऱ्याला लेकीकडे राहायला जायचं ठरलं. जावई उंच गाडी घेऊन येतो म्हणाला, तर चाचा म्हणाले, "मी नितीनच्याच गाडीत येईन."

निघायच्या सकाळी ट्रंक डिकीत ठेवली. मी पुढे बसले. नितीन म्हणाला, "चाचा, आधी बसा. मंग दोरी." जन्मभर लोकांना वजन म्हणून बसवणारा माणूस त्या दिवशी स्वतः वजन झाला. नितीन मोजत होता, फिरवत होता. माप किती निघालं, हे चाचांनी एकदाही विचारलं नाही.

गोंडपिपरी सोडल्यावर रस्ता पार उखडलेला. गाडी दणके खात होती, पण ओढत नव्हती. पाणी हवं का विचारायला मी मागे वळले. चपला खाली होत्या, पाय मात्र खाली नव्हते. सीटवर मांडी घालून, काचेला डोकं टेकवून चाचा गाढ झोपले होते.

मी नितीनच्या दंडाला हात लावला. त्याने आरशात पाहिलं आणि गाडी थोडी हळू केली.