स्टॅबिलायझर कोणीच दिला नाही

नाही काका, मी अजूनही म्हणतो, चूक तुमचीच होती.

चारशे रुपये घ्यायलाच पाहिजे होते. प्रत्येक मयताच्या घरून. रडत असले तरी.

आज वर्ष झालं तुम्हाला जाऊन. सकाळी ग्रुपवर फोटो आला, मंडळाने चौकात तुमचा फ्लेक्स लावला म्हणून. मधात तुम्ही, पासपोर्ट फोटोएवढे. भोवताली श्रद्धांजली वाहणारे, तुमच्या दुप्पट साइजचे. एक जण तर गॉगल लावून.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. देवराव काका आमचे शेजारी. नागपुरात कळमन्याच्या मार्केटात मालाची तोलाई करायचे आणि उरलेल्या वेळात वस्तीचं मंडळ चालवायचे. मला वडील नाहीत. बहिणीच्या लग्नात वडिलांच्या जागी काकाच उभे होते.

वस्तीतले अर्धे पोट्टे बाहेर. कोणी सुरतला, कोणी पुण्याला, मी कोइम्बतूरला फाउंड्रीत.

आणि नागपूरचा उन्हाळा. घरी कोणी गेलं की बर्फाच्या लाद्या आणायच्या. दुपारपर्यंत खाली पाणीच पाणी. म्हातारे म्हणणार, उचला आता. पोरगा तिकडे गाडीतच.

म्हणून काकांनी ठरवलं, वस्तीचा स्वतःचा फ्रीजर पाहिजे. मयत ठेवायची पेटी.

मीटिंगमध्ये कोणी तरी म्हणालं, "मेलेल्याले कायले पाहिजे एवढा खर्च?"

काका म्हणाले, "मेलेल्याले नाही गा. येणाऱ्याले पाहिजे."

अर्धे पैसे वर्गणीतून आले. अर्धे मार्केटातल्या एका अडत्याने दिले. पेटीवर त्याच्या वडिलांचं नाव, 'सप्रेम भेट', लाल ऑइलपेंटने. इतकं मोठं की अंत्यदर्शनाला आलेला माणूस आधी तेच वाचायचा.

पेटी आली. ती चालवायची कशाच्या भरवशावर, तिथे आमचं वाजलं.

मी म्हणालो, एका वेळचे चारशे घ्या.

"मयताच्या घरून भाडं मांगू काय बे?"

"भाडं नाही काका, मेंटेनन्स. याच्यापेक्षा जास्तीचे तं हार आणतात लोक."

"तुह्या घरी मयत झाली अन् मी पावतीबुक घेऊन आलो तं?"

"तं देईन न मी."

"तू देशील. बाजूची बाई देईन काय? नवरा पेटीत ठेवून चारशे शोधीन काय घरात?"

मी म्हणालो, ज्याच्याजवळ नाही त्याचं सोडा, बाकीच्यांचे तर घ्या.

"मंग दारात उभं राहून ठरवू काय, कोणाजवळ आहे अन् कोणाजवळ नाही?"

 

पण काका, फ्रीजरला हे समजत नाही ना. त्याचा गॅस संपतोच.

पहिल्यांदा संपला तेव्हा तुम्ही खिशातून भरला. दुसऱ्यांदाही. मग कॉम्प्रेसर गेला, तेव्हा तुम्ही घरोघरी फिरलात. सगळे म्हणाले, पाहू.

त्यात बेसाचा भाऊ आला. आमच्याच वस्तीतला, प्लॉटच्या धंद्यात वर गेला, शहराच्या टोकाला बेसात बंगला बांधला. तुम्ही त्याला म्हणालात, जुनी पेटी दुरुस्त करून दे. तो म्हणाला, "रिपेरिंगले काय देता काका, नवीनच देतो न."

दिली. स्टीलची. नाव पहिल्या पेटीपेक्षा मोठं.

उद्घाटन झालं, नारळ फुटला. रिकामी पेटी चालू करून दाखवायची म्हणून पोट्ट्यांनी आत कोल्ड्रिंकच्या बाटल्या ठेवल्या आणि थंड झाल्यावर पाहुण्यांना वाटल्या. तुम्ही नाही घेतली. बाकी सगळे प्यायले.

मिस्त्री त्याच दिवशी बोलला होता, वस्तीत व्होल्टेज खाली-वर होतं, स्टॅबिलायझर लावा.

स्टॅबिलायझर कोणीच दिला नाही. डब्याएवढी वस्तू, त्याच्यावर नाव लिहायला जागा कुठे असते?

उन्हाळ्याच्या आधीच दुसरी पेटीही जळाली.

आणि मे महिन्यात तुम्ही गेलात.

मी जनरल डब्यात उभा. बल्लारशा आलं तेव्हा पप्पूचा फोन. तुमचा पुतण्या, माझा दोस्त.

"कुठी पोहोचला?"

"बल्लारशा. चार तास थांबा बे फक्त."

"नाही थांबवत रे. दुसरीकडचा फ्रीजर पाह्यला, कुठीच रिकामा नाही. बर्फ पुरून नाही राहिला. काकूच म्हणून राहिली, न्या आता."

काकूला काय म्हणणार मी.

पोहोचलो तेव्हा लोक घाटावरून परत येऊन अंघोळी करत होते. मी बॅग घेऊन मंडळाच्या शेडजवळ गेलो. दोन पेट्या, एकावर एक. धूळ. दोन्हीवरची नावं मात्र स्वच्छ वाचता येत होती.

वर्ष झालं, आजही तशाच आहेत. फ्लेक्सला मात्र पैसे निघाले.

सकाळी फोटो पाहून मायला फोन केला, तर ती म्हणाली, "मी गेली तं तू येऊन पोहोचेपर्यंत ठेवतीन काय रे मले हे लोक?"

मी म्हणालो, काहीही बोलू नको.

ती म्हणाली, "बोलून नाही राहिली. इचारून राहिली."

तेव्हापासून कामात लक्ष नाही.

काका, तुमचं तोंड पाहायला मिळालं नाही. रागही आहे आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाशी भांडावंसं वाटतही नाही. जिथे असाल तिथे माझा नमस्कार घ्या.

मंडळवाल्यांना एवढंच. मिस्त्रीशी मी बोललो. स्टीलच्या पेटीचा कॉम्प्रेसर, गॅस आणि स्टॅबिलायझर, सगळं धरून आकडा घेतला. माझं नाव कुठेही टाकायचं नाही. आणि यापुढे मंडळाने दर घरून महिन्याचे वीस रुपये घ्यायचे, माणसं जिवंत असतानाच. मयताच्या दारात कोणी काही मागायचं नाही, काकांचं तेवढं ऐकतो.

पप्पूच्या खात्यात टाकतोय. चौदा हजार पाचशे.