भिकुबाईने उचलायला लावलेली घागर

बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, शिजवलेला घाटा गरम होता आणि निम्म्याच थापून झाल्या होत्या, तेवढ्यात भिकुबाई अंगणात आली आणि थेट न्हाणीकडे वळली. ही आमच्या गल्लीची आशाताई, सरकारी आरोग्य योजनेतली कार्यकर्ती. पन्नाशीची, आठवी पास. बारा वर्षं झाली, पारोळ्याच्या या भागात घरोघरची पाण्याची भांडी उघडून बघते. कोणी दाराला कुलूप लावलं तर ओट्यावर बसून राहते. शिव्या खाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

शेजारचा सुयश डेंग्यूने धुळ्याला दवाखान्यात आहे. आमची सून शिल्पा सातव्या महिन्यात.

"वहिनी, सुयशला चावलेला डास उद्या शिल्पाला चावेल," ती म्हणाली. "निदान नवे डास तरी तुमच्या घरात नको जन्मायला."

नळ आठ दिवसांनी येतो, तरी तिने हौद रिकामा करायला लावला. पिंपावर कापड बांधलं. मग तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भरलेली पितरांची घागर. तीन आठवडे झाले. आमच्याकडे ती पाऊस पडेपर्यंत हलवत नाहीत.

सासूबाई खाटेवरून ओरडल्या, "हात नको लावू! पितरस्नी घागर शे ती!"

भिकुबाईने वाटीभर पाणी काढून त्यांच्यापुढे धरलं. बारीक अळ्या वळवळत होत्या. "माय, हाई काय शे? पितरस्ले हाई पाजतस का?"

"पितर कोपतील!"

"कोपू द्या माझ्यावर. सांगा त्यांना, भिकुबाईने केलं. पाहिजे तर सही करून देते. पणतू पाहिजे ना घरात?"

सासूबाईंनी शिल्पाकडे पाहिलं. शिल्पा दारात उभी होती, पोटावर हात. मी पिठाचे हात धुतले, देवापुढे जोडले, पितरांची माफी मागितली आणि घागर स्वतः उचलली. वाटलं, एवढ्याने रागावतील ते आमचे पितर कसले!

"नालीत नको, कोरड्या मातीत ओता," भिकुबाई म्हणाली. "आणि आतून घासा. अंडी काठाला चिकटून राहतात."

सासूबाई तोंड फिरवून म्हणाल्या, "राख घे. नुसत्या हाताने निघायचं नाही."

भिकुबाईने भिंतीवर खडूने तपासणीची तारीख टाकली आणि पलीकडच्या रतिलालभाऊंच्या गच्चीवरची टाकी उघडायला गेली.