चंद्र दिसेपर्यंतची गोळी

चार्जरची पिन फोनमध्ये पुरती बसत नाही. नखाच्या जाडीएवढी बाहेर राहते, आणि चार्जिंगची खूण पडद्यावर येते न येते तोच विझते. शाल्मली पिन काढून पुन्हा लावून बघते, मग नाद सोडून देते.

फोन सिंधूआत्याचा आहे. आत्या गेली त्याला वर्ष होत आलं. आत्येभावानं तो परवाच मिरजेहून पाठवलाय. मधुमेहाच्या वयस्क पेशंटना गोळीची आठवण करून देणारं ॲप शाल्मलीनं आखलं, तेव्हा ते वापरून बघणारी पहिली पेशंट आत्याच होती. उद्यापासून ते तालुक्यातल्या दवाखान्यांमधून सगळ्यांना द्यायचंय. टीमचा प्रमुख नचिकेत फक्त तिच्या होकारासाठी थांबलाय आणि ती रोज उत्तर पुढे ढकलते आहे. का, ते तिला धड सांगता येत नाही. आत्याच्या नावापुढे रोज रात्री आठला गोळी घेतल्याची हिरवी खूण आहे, चुकल्याची लाल एकदाही नाही. इतकं सरळ कोणी जगतं का, एवढंच तिला खुपतं.

रविवारची दुपार. पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातो आणि ताटावरून बोटं फिरल्यासारखा ऐकू येऊ लागतो.

आत्या भगर निवडते आहे. ती गेलेली आहे हे शाल्मलीला माहीत आहे, पण तसं बोलून दाखवणं बरं दिसणार नाही.

"आलीस? बस की. आज संकष्टी आहे, चंद्र दिसेपर्यंत काही मिळायचं नाही."

कुठेतरी फोन वाजतो, दबल्या आवाजात. आत्या भगरीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालते, फोन काढते, 'गोळी घेतली' या बटणावर अंगठा दाबते आणि फोन पुन्हा भगरीत पुरते. गोळी वाटीत तशीच पडलेली.

"घेतली कुठे तू?"

"उपाशीपोटी घेतली की हातपाय कापतात गं. चंद्र बघून जेवायला बसताना घेते. तुझ्या त्या फोनला उपास कळत नाही, त्याला मी काय करू?"

स्वयंपाकघराला आता दवाखान्याची बाकं आहेत. बाकांवर बायका बसल्या आहेत, प्रत्येकीच्या मांडीवर डबा, आणि प्रत्येक डब्यात काहीतरी वाजतं आहे. कुणीही दचकत नाही. सगळ्यांच्या नजरा वर आहेत, कारण दवाखान्याला छप्पर नाही. ती आत्याच्या घराची गच्ची आहे.

"मग 'नाही घेतली' असं का नाही दाबलंस?" शाल्मली विचारते.

आत्या पदरानं हात पुसते. "तुझ्याकडे लाल दिसलं असतं. तू तिकडे एकटी. घाबरून कामातनं उठून फोन केला असतास."

"केला असता तर बरं झालं असतं, आत्या. सगळं हिरवं दिसायचं, म्हणून मी फोनच करत नव्हते."

आत्या भगरीतला एक खडा वेचून बाजूला ठेवते.

"हे माझ्या लक्षातच आलं नाही बघ," ती म्हणते. "तेवढंच बोलणं झालं असतं."

गच्चीवर गार वारा सुटतो. आत्याच्या लुगड्याला धुतल्या कापडाचा आणि हिंगाचा वास आहे. शाल्मली जवळ सरकते.

"दिसला का गं चंद्र? मला हल्ली लांबचं नीट दिसत नाही."

पाण्याच्या टाकीमागून चंद्र केव्हाचा वर आलाय. तो दिसला की आत्या जेवणार, आणि जेवली की जाणार.

"अजून नाही," शाल्मली म्हणते.

"खोटं बोलायला कुठे शिकलीस?"

"तुझ्याकडेच."

आत्या हसते. वाटीतली गोळी तोंडात टाकते, मूठभर भगर शाल्मलीच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटते. तिचा हात गरम आहे.

शाल्मलीला जाग येते तेव्हा मूठ घट्ट मिटलेली असते. ती हळूच उघडते. आत काही नाही.

ती उठून बसते. उशीशेजारी फोन पडलेला. ड्रॉवरमधली टाचणी घेऊन ती चार्जिंगच्या खाचेत अगदी अलगद फिरवते. भगरीचा एक पांढरा दाणा तिच्या तळहातावर पडतो. पिन आता सहज आत बसते आणि पडद्यावरची खूण विझत नाही.

दाणा मुठीत धरूनच ती नचिकेतला फोन लावते. तो काही विचारायच्या आत म्हणते, "नचिकेत, माझा होकार नाही. उद्या हे कुणालाच द्यायचं नाही. आधी आपण पेशंटच्या घरी जाऊन बसू."