दटावणारं बोट

"हात पुढे. मोजा."

पाळी सुरू होताना आमचे मिस्त्री एवढंच म्हणत. आम्ही घोडे झालेले बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे हात पुढे करायचो. "दहा आणलीत, दहाच घरी न्यायची." सुटताना पुन्हा तीच मोजणी.

सातपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पत्रा दाबायच्या प्रेस होत्या. मिस्त्रींची स्वतःची बोटं नऊ. उजव्या अंगठ्याशेजारचं प्रेसनं नेलेलं. कुणी विचारलं की म्हणत, "मशीन खराब होतं." आणि लगेच गुरुजींची गोष्ट सुरू.

पंचवटीत त्यांच्या शेजारी एक गुरुजी राहत. त्यांनी सांगितलं होतं, या बोटाला तर्जनी म्हणतात. तर्जन म्हणजे दटावणं, धाक घालणं. दटावताना उगारतात ते बोट. जप करताना माळेच्या मण्यांनाही ते लावत नाहीत. मिस्त्री खूश! "बघा, देवाच्या कामाचं काय बी गेलं नाय. फकस्त दटावायचं गेलं." आणि खरंच, हा माणूस कधी कुणावर ओरडला नाही. मला तर सुरुवातीला ते भित्रेच वाटायचे.

एकदा निफाडला माझ्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. मला दुपारची बस गाठायची होती. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. मी एका बटणात आगपेटीची काडी खोचली. बटण दाबलेलंच राहिलं, एक हात मोकळा झाला आणि काम भराभर उरकायला लागलं.

मिस्त्री मागे कधी आले, कळलंच नाही. त्यांनी स्विच बंद केला, काडी उपसली. मी शिव्यांची वाट बघत होतो. ते स्टुलावर बसले.

"मशीन खराब नव्हतं," ते हळूच म्हणाले. "काडी मीच घातली होती. घरी बी खोटंच सांगितलंय, भाऊ." मग उठून म्हणाले, "जा, बस गाठ. पाहुण्यांना दोन्ही हातांनी नमस्कार कर."

हे मी कुणाजवळ बोललो नाही.

गेल्या वर्षी मिस्त्री गेले. त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा काकूंनी विचारलं, "मशीनच खराब होतं ना हो?"

"हो काकू, मशीनच."

त्या जराशा हसल्या. "तुम्हालाही पढवून ठेवलंय. त्या दिवशीचा रक्ताचा शर्ट मीच धुतला. खिशात आगपेटी होती. या माणसानं जन्मात बिडी ओढली नाही. काडी कशाला लागते, ते प्रेसवाल्यांच्या बायकांना ठाऊक असतं."

"मग कधी बोलला नाहीत?"

"घरी आले की रोज पोरांची बोटं मोजायचे. त्या माणसाला मी आणखी काय दटावणार?"

परतीच्या बसमध्ये हात मांडीवर ठेवले आणि बोटं मोजली. दहाच्या दहा होती. मग मात्र रडू आवरलं नाही.