हिराताईंच्या हाताचा वास

शेजारच्या काकूंकडे फोन आला तेव्हा मी मंगलचे केस विंचरत होते. फोन कोलशेतहून, माझ्या दिरांचा. हिराताई बाजारातून आल्या, पाटी उतरवून ओट्यावर बसल्या, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेल्या... मी घरात आले आणि विंचरलेले केसच पुन्हा विंचरत बसले. मंगलला कसं सांगायचं ते तेव्हाही कळलं नाही आणि आज इतक्या आठवड्यांनीही कळत नाही. चौथीनंतर मी पत्रांपलीकडे काही लिहिलेलं नाही, पण चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून हे कागदावर.

हिराताई माझ्या मोठ्या नणंद. नवरा लवकर गेला, तेव्हापासून कोलशेतला भावांकडे राहायच्या आणि ठाण्याच्या बाजारात मासळी विकायच्या. आवाज असा की खाडीपलीकडचा माणूस वळून बघेल. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मी त्यांना घाबरून स्वयंपाकघरातच असायची.

मंगल तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर बघायची नाही. वेड एकच, पाण्याचं. दार उघडं मिळालं की घरामागच्या बांधावरून सरळ खाडीकडे चालत सुटायची. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी मतिमंद आहे म्हणून सांगितलं, लक्ष ठेवा म्हणाले. एकदा गळ्याएवढ्या पाण्यातून तिला काढली आणि ह्यांनी तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून ती खाटेच्या पायाला अडकवली. ताई बाजारातून आल्या, बघितलं, आणि पाटी डोक्यावर तशीच ठेवून उभ्या राहिल्या.

"पोर बांधतंस रे? म्हस हाय का ती?"

"मग बुडू देऊ?" हे म्हणाले.

ताईंनी पट्टी सोडली आणि मंगलला घेऊन ओट्यावर बसल्या.

त्यांच्या पाटीमागून एक काळा कुत्रा हिंडायचा. खाडीकाठी खंड्या पक्ष्यासारखा पाण्याकडे बघत न हलता उभा राहायचा, म्हणून त्याला खंड्या म्हणायचे. ताईंनी जाळ्याच्या सुताची लांब दोरी वळली. एक टोक मंगलच्या कमरेला, दुसरं खंड्याच्या छातीवरून घेतलेल्या पट्ट्याला. मग रोज संध्याकाळी तिघं बांधावर. मंगल पाण्याकडे ओढायला लागली, दोरी ताणली, की ताई खंड्याला खाली बसवायच्या. तो बसला की मंगल थांबायचीच. मग ताई बंद मूठ त्याच्या नाकाशी न्यायच्या, उघडायच्या, आत मांदेली मासळीचं डोकं. मूठ येईपर्यंत त्याने उठायचं नाही. पावसाळा सरेस्तोवर खंड्या शिकला. मंगल त्याच्या कानात बोटं घालून उन्हात बसायला लागली. मी कितीतरी दिवसांनी निवांत भाकऱ्या थापल्या.

लोक बोलायचेच. शेजारची म्हणाली, "पोरीला कुत्र्याला बांधली गो या लोकांनी."

"पोरीला नाय, कुत्र्याला बांधलाय," ताई ओट्यावरून म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला पन आन, शिकवते. मांदेलीचा खर्च तुझा."

मग पुढच्या वर्षी गणपती आले. घरात बाप्पा म्हणून कुत्रा बाहेर, दोरी दाराच्या खिळ्यावर. ताईंनी गौरी जाईपर्यंत बाजार बंद ठेवलेला. आरतीला झांजा वाजायला लागल्या तशी मंगल कान झाकून निघून गेली. आम्हाला कळलं ते प्रसाद वाटताना.

भरती चढत होती. मंगल चिखलात बसलेली, पाणी तिच्या कमरेपर्यंत. खंड्या तिच्यासमोर आडवा बसलेला, तिच्या परकराचं टोक दातांत धरून. ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. आम्ही हाका मारत होतो, पण तो हलेना. उठायचं नाही हेच तर त्याला शिकवलेलं... हे पुढे गेले तर तो गुरगुरला. ताई लुगडं खोचून पाण्यात शिरल्या. जवळ मासळीचा तुकडा नव्हता. त्यांनी रिकामी मूठ त्याच्या नाकाशी नेली. खंड्याने हुंगलं, परकर सोडला आणि उठला. त्याच्या मानेला धरून मंगलही उठली.

घरी येऊन ताई स्वतःचा हात हुंगत बसल्या. "बाप्पासाठी घासून घासून धुतलेला गो सुमन," मला म्हणाल्या. "तरी वास नाय गेला." आणि रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. त्या रात्रीपासून खंड्या बाप्पासमोरसुद्धा घरात झोपला.

तो म्हातारा होऊन गेला. पुढे मंगलच्या शाळेसाठी आम्ही ठाकुर्लीला आलो. डोंबिवलीच्या शाळेतल्या बाईंनी पहिल्यांदा स्वमग्न हा शब्द सांगितला, आणि परदेशात अशा मुलांसाठी कुत्री शिकवून तयार करतात असंही. मी ताईंना सांगितलं तर हसून म्हणाल्या, "म्हंजे तिकडं पन मासळीवाल्या हायत."

ताई दर रविवारी यायच्या. मंगल आता माझ्याहून उंच आहे. ती दार उघडायची, ताईंचा हात घेऊन हुंगायची, खंड्यासारखी, आणि मगच आत येऊ द्यायची. ताई मुठीत काहीतरी आणायच्या, बोर, चिंच, कधी नुसती शिंपली...

परवाच्या रविवारी मंगल पुन्हा दारात उभी होती. कोण येईल त्याचा हात हुंगायची आणि सोडून द्यायची. मी मुद्दाम मांदेली आणली, साफ केली आणि हात न धुता, तिला शेजारी बसवून, मूठ तिच्या नाकाशी नेली. तिने खूप वेळ हुंगलं. एकेक बोट उघडून आत बघितलं. मग माझी मूठ पुन्हा मिटून माझ्या मांडीवर ठेवली, आणि जाऊन खिळ्यावरची दोरी काढली. सुताची ती दोरी आम्ही इथेही दारापाशीच ठेवली आहे. तिने एक टोक आपल्या कमरेला गुंडाळलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.

मी चपला घातल्या.